आधुनिक पीस कोणता घेऊ? ऑडिशनवाल्यांच्या पत्रांना उत्तरं

ह्या वेळी पत्रं उघडून बघते तर निम्म्याहून जास्त जणांचं एकच रडगाणं. बाख झालं, बीथोवेन झालं, शोपाँ तर झोपेतही वाजतो, पण कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे संगीत महाविद्यालयाच्या, पियानो ऑडिशनच्या नियमांत ती एक ओळ असते ना, 'एक आधुनिक रचना', तिथे येऊन सगळ्यांची गाडी अडलीये. म्हणून अख्खं सदर ह्या वेळी त्यालाच देऊन टाकते. ज्यांनी स्टुलाच्या उंचीबद्दल आणि नखं कापण्याबद्दल विचारलंय त्यांनी जरा दम धरा, पुढच्या वेळी नक्की.

ताई, मी १७ वर्षांचा आहे, चार महिन्यांनी ऑडिशन आहे. बाखचं प्रील्यूड-फ्यूग, बीथोवेनचा सोनाटा आणि शोपाँची एक एट्यूड आणि एक बॅलाड तयार आहे. आधुनिक पीससाठी सर म्हणतात प्रोकोफिएव्हची टोकाटा घे, जमली तर सगळे गार पडतील. मित्र म्हणतो डेब्यूसी वाजव, तोही विसाव्या शतकातलाच की. मला स्वतःला लिगेती प्रचंड आवडतो पण एट्यूड्सचं नोटेशन बघून घाम फुटला. काय करू? — चार महिने बाकी

आधी डेब्यूसीचं मिटवून टाकू. तू जिथे जिथे अर्ज करतोयस तिथले नियम पुन्हा एकदा शब्द न् शब्द वाच, कारण 'आधुनिक' म्हणजे काय हे प्रत्येक जण आपापल्या सोयीने ठरवतो. कुठे १९०० नंतरची रचना म्हणतात, कुठे १९४५ नंतरची, कुठे हयात संगीतकाराचीच हवी असते, आणि कुठे सरळ लिहिलेलं असतं की डेब्यूसी, रावेल, रखमानिनॉव्ह ह्यात धरणार नाही. तारीखच बघायची तर डेब्यूसीच्या एट्यूड्स (तंत्र घासून घेणारे पीस) १९१५च्या आणि रखमानिनॉव्हच्या ओपस ३९ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) च्या एट्यूड-टाब्लो १९१६-१७ च्या, म्हणजे शतक विसावंच. पण नुसती तारीख दाखवून भागत नाही रे. रखमानिनॉव्हचा तिसरा काँचेर्टो (ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची रचना) आणि शोनबर्गचे ओपस ११ चे तीन पीस दोन्ही १९०९ चे, एकापाठोपाठ एक ऐक आणि सांग मला एका वर्षातले वाटतात का. नियमात बसत असेल तर डेब्यूसीच्या एट्यूड्स वाजवायला माझी काहीच हरकत नाही, त्या बाराही कमालीच्या आहेत आणि लोक त्यांना उगाच घाबरतात, पण शंका असेल तर त्या कॉन्झर्व्हेटरीच्या ऑफिसला मेल टाकून विचार, उत्तर लेखी घे. आणि मित्राला म्हणावं तू तुझं बघ.

आता टोकाटा, म्हणजे बोटांचा वेग पणाला लावणारा पीस. ही १९१२ ची, प्रोकोफिएव्ह तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि ते ऐकूही येतं. सुरुवातीलाच डी हा एकच स्वर दोन्ही हातांनी ठोकत राहायचा आणि मग तिथून जे सुटतं ते चार-साडेचार मिनिटं थांबत नाही. भारी पीस आहे, नाही कोण म्हणतंय. पण तुझ्या प्रोग्रॅममध्ये शोपाँची एट्यूड आहे, बॅलाडचा शेवट आहे, म्हणजे तुझी बोटं पळतात हे पॅनलला, म्हणजे परीक्षकांना, तोवर दोनदा कळलेलं असणार. तिसऱ्यांदा तेच सांगून काय मिळवणार? त्यात ही टोकाटा त्या दिवशी आणखी कोणीतरी वाजवतच असतं, आणि नेमकं ते तुझ्या आधी आत गेलेलं असतं. शिवाय चार महिन्यांत तिचा वेग हाताखाली आणायला गेलास तर मनगट आणि कोपरापर्यंतचा हात असा काही आखडतो की बाकीचे तयार पीससुद्धा बिघडतात. हे मी मुलांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय. सरांचा मान ठेवून सांगते, नको.

मग काय घ्यायचं? माझी एक कसोटी आहे, सगळ्यांना तीच सांगते. जो पीस मनात आहे त्याचं एक पान घे, आणि त्यातले दोन-तीन स्वर एखाद्या मित्राला गुपचूप बदलायला सांग, एफ चा एफ शार्प, एखादी कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) अर्ध्या स्वराने खाली, असं. मग त्याला ते पान वाजवायला लाव, त्याला जमत नसेल तर कॉम्प्युटरमध्ये टाकून ऐकवायला सांग, आणि तू नोटेशनकडे न बघता ऐक. बदललेले स्वर सापडले का? बाखमध्ये तुला ते खड्यासारखे लागतील. आधुनिक पीसमध्ये लागले नाहीत, तर तो पीस अजून तुझ्या बोटांत असेल पण कानात नाहीये. ऑडिशनच्या दिवशी बोटं थंड पडतात, गार पडायचे ते परीक्षक नाही आपणच पडतो, आणि तेव्हा सांभाळून घ्यायला कानच असतो. असा पीस कितीही झगमगीत असो, सोडून दे.

ह्या कसोटीवर लिगेतीच्या एट्यूड्स धरून बघ. एकूण १८, १९८५ ते २००१ मधल्या. पहिली, 'देझोर्द्र', हिच्यात उजवा हात फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर आणि डावा फक्त काळ्या. सुरुवातीला दोन्ही हातांचे ॲक्सेंट, म्हणजे जोर द्यायचे स्वर, बरोबर पडतात, मग उजवा हात थोडा थोडा आधी सटकायला लागतो आणि बघता बघता दोन्ही हातांचा एकमेकांशी संबंधच उरत नाही, म्हणजे उरतो, पण तो डोक्यात धरून ठेवायचा. चार महिन्यांत नोट्स बसतील कदाचित, तो संबंध बसणार नाही. पण लिगेती आवडतो म्हणतोस ना, मग 'म्युझिका रिचेरकाटा' कडे बघितलंस का? १९५१ ते ५३ चे अकरा पीस. पहिल्यात जवळजवळ पूर्णवेळ एकच स्वर, ए, वेगवेगळ्या सप्तकांत, आणि अगदी शेवटी डी येतो तेव्हा खोलीचा दिवा लागल्यासारखं वाटतं. दुसऱ्यात तीन स्वर, तिसऱ्यात चार, असं वाढत वाढत अकराव्यात बाराही. तिसरा, सातवा आणि दहावा असे तीन एकत्र घे असं माझं मत. सातव्यात डावा हात सात स्वरांची एकच आकृती न थांबता, न बदलता फिरवत राहतो आणि वर उजव्या हातात एखाद्या जुन्या लोकगीतासारखी चाल तरंगते, डाव्याला जणू ओळखतच नाही अशी. हे जमलं ना, तर दोन हातांत दोन माणसं बसलीयेत असं ऐकू येतं, आणि पॅनलला नेमकं तेच ऐकायचं असतं. फक्त संचातले काही पीस निवडून चालतात का हे नियमात बघून घे.

लिगेतीवर मन बसलं नाही तर बार्टोकचा ओपस १४ चा सूट, म्हणजे छोट्या भागांची मालिका, १९१६ चा, चार भाग, सगळे मिळून साधारण नऊ मिनिटं. तिसरा भाग टोकाटाची हौस भागवतो आणि चौथा इतका हळू, इतका विझत जाणारा आहे की बहुतेक मुलं तो नीट वाजवतच नाहीत, तिसऱ्याच्या धुंदीत असतात. तिथे तू वेगळा दिसशील. प्रोकोफिएव्हच हवा असेल तर तिसरा सोनाटा बघ, १९१७ चा, एकाच भागाचा, सात-आठ मिनिटांत आटोपतो, त्यात धावपळ आहे तशी मधे एक गाणारी चालही आहे, म्हणजे टोकाटापेक्षा माणूस जास्त दिसतो. हिनास्तेराचे १९३७ चे तीन अर्जेंटिनी नाच पण छान, पहिल्यात पुन्हा तीच गंमत, एक हात काळ्यांवर एक पांढऱ्यांवर, पण तेही आजकाल फार ऐकू येतात. शॉस्ताकोविचच्या ओपस ८७ मधलं प्रील्यूड-फ्यूग कोणी सुचवलं तर तुला मी नको म्हणेन, पीस वाईट म्हणून नव्हे, तुझ्याकडे बाखची फ्यूग आधीच आहे म्हणून. प्रोग्रॅममध्ये काय नाहीये ते बघून पीस निवडायचा.

आता माझीच फजिती सांगते. माझ्या ऑडिशनला मी आधुनिक पीस घेतला तो निव्वळ भाव खायला, नाव नाही सांगत, पण मोठा आवाज, हातावरून हात, सगळं होतं त्यात. पहिली दोन पानं दणक्यात झाली आणि एका परीक्षकांनी हात वर करून म्हटलं थँक यू, आता चौथ्या पानावरचा संथ भाग वाजवा. मला सुरूच करता येईना. हाताला तो भाग फक्त तिसऱ्या पानावरून धावत येऊनच माहीत होता. मी तीनदा तिसरं पान मनातल्या मनात पळवून बघितलं, तोवर खोलीत इतकी शांतता झाली की स्टुलाचं चामडं कुरकुरलेलं ऐकू आलं. पॅनल मधेच थांबवतं, मधूनच सुरू करायला सांगतं, हे ठरलेलंच असतं, त्यांच्याकडे वेळ कमी असतो. त्यामुळे प्रत्येक पानावर किमान दोन जागा अशा पक्क्या कर जिथून झोपेतून उठवून बसवलं तरी सुरू करता येईल. रोज वेगळ्या जागेपासून सुरू कर, पहिल्या बारपासून (बार म्हणजे मात्रांचा एक खण) आठवड्यातून एकदाच.

आमची मुलगी शोनबर्गचे ओपस १९ चे सहा छोटे पीस ऑडिशनला घेते आहे. तिच्या शिक्षिकांनी निवडलेत. मला संगीतातलं फार कळत नाही, पण घरात जो येतो तो म्हणतो पोरगी चुकतेय. परीक्षकांनाही तसंच वाटलं तर? — काळजीत असलेली आई

तुमची काळजी समजते हो, पण ही एक काळजी तुम्ही खरंच सोडा. परीक्षकांना हे सहा पीस पाठ असतात. एखादा स्वर चुकला तर तो त्यांना कळेल आणि नाही चुकला तर तेही कळेल. घरी येणाऱ्यांचं काय, त्यांना चहाच्या कपाकडे बघू द्या.

खरी अडचण निराळीच आहे आणि ती तुम्हाला संगीत न शिकताही ऐकू येईल. हे पीस अत्यंत छोटे आहेत, सहाही मिळून पाच-सहा मिनिटं. पहिले पाच शोनबर्गने १९११ च्या फेब्रुवारीत एकाच दिवसात लिहिले, सहावा जूनमध्ये, त्याच्या महिनाभर आधी संगीतकार माहलर गेला होता, आणि तो सहावा पीस त्या दुःखातला आहे असं सगळे मानतात. फक्त नऊ बार. उजव्या हातात तीन स्वरांची एक कॉर्ड, मग तिच्याखाली डाव्या हातात दुसरी, दोन्ही घंटेसारख्या, आणि त्या नुसत्या धरून ठेवायच्या. सगळा पीस हळू, अतिहळू आणि त्याहून हळू अशा आवाजांत आहे, शेवटी तर चार पी (पी म्हणजे हळू आवाज) लिहिलेत, म्हणजे आहे की नाही कळू नये इतकं. आता सांगा, जिथे एकूण स्वरच मूठभर, तिथे एक जरी अंमळ जोरात पडला तरी लपायला जागा कुठे? दुसरा पीस तसाच, जी आणि बी ह्या दोन स्वरांची जोडी तुटक तुटक टोचत राहते, ती प्रत्येक वेळी तितकीच कोरडी, तितकीच हलकी यायला हवी.

तेव्हा तुम्ही एक करा. संध्याकाळी तिला सहावा पीस वाजवायला सांगा आणि डोळे मिटून फक्त इतकंच बघा की पहिली कॉर्ड वाजून दुसरी येईपर्यंत तुमचं लक्ष कुठे दुसरीकडे जातं का. जात असेल तर ती अजून स्वर मोजतेय. नाही गेलं तर पोरगी तयार आहे, मग घरचे काही म्हणोत.

एक गोष्ट मात्र तिच्या शिक्षिकांशी जरूर बोला. शोनबर्ग घेतला की बाकीच्या प्रोग्रॅमने ताकद दाखवायला हवी, म्हणजे रोमँटिक पीस भरदार हवा, एट्यूड अवघड हवी. सगळंच नाजूक असेल तर पॅनलला प्रश्न पडतो की ही मुलगी काँचेर्टोला ऑर्केस्ट्रासमोर ऐकू येईल का. आणि सहाही वाजवू द्या तिला, दोन-तीन निवडून नको. सुटे काढले की ते नमुने वाटतात.

माझ्याकडे घरी डिजिटल पियानो आहे, क्लासमध्ये अपराइट. ऑडिशन ग्रँडवर असते. आधुनिक पीस निवडताना ह्याचा विचार करायचा का? — पट्टीवाला

करायचाच! हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि मग तिथे जाऊन तोंड वाकडं करतात.

पहिलं म्हणजे एकच स्वर पटापट परत वाजवणं. ग्रँडमध्ये (आडव्या तारांचा मोठा पियानो) पट्टी पूर्ण वर न येताही पुन्हा वाजते, ती युक्ती एरार ह्या पियानो बनवणाऱ्या घराण्याने १८२१ मध्ये पेटंट केली आणि तीच आजवर चालत आलीये. बहुतेक अपराइटमध्ये (उभ्या तारांचा पियानो) ती नसते, पट्टी जवळपास पूर्ण वर यावी लागते. त्यामुळे परत परत ठोकायच्या स्वरांचा पीस अपराइटवर तुटक होतो, आणि तू समजतोस की माझीच बोटं जड. उलटं पण होतं, अपराइटवर खोल मारायची सवय लागते आणि ग्रँडवर तेच सगळं दणदणीत ऐकू येतं.

दुसरं, मधलं पेडल. ग्रँडवर ते फक्त त्या क्षणी दाबलेले स्वर धरून ठेवतं, बाकीचे मोकळे. खूपशा अपराइटमध्ये मधलं पेडल दाबलं की तारांपुढे नुसती कापडाची पट्टी येते, शेजाऱ्यांसाठी. आणि डावं पेडल, ग्रँडमध्ये ते हातोड्यांना बाजूला सरकवतं त्यामुळे आवाजाचा रंगच बदलतो, अपराइटमध्ये हातोडे फक्त तारांच्या जवळ येतात, रंग तोच राहतो. म्हणजे पेडलवर उभा असलेला पीस तू घरी कधी ऐकलेलाच नसणार.

तिसरं तर गंमतच आहे. आधुनिक पीसमध्ये काही ठिकाणी पट्ट्या आवाज न करता दाबून धरायच्या असतात, मग दुसऱ्या हाताने दुसरे स्वर वाजवले की धरलेल्या तारा आपोआप झंकारतात. शोनबर्गच्या ओपस ११ च्या पहिल्या पीसमध्ये आहे हे, बार्टोकच्या मिक्रोकॉसमॉसमधल्या १०२ नंबरमध्ये आहे. खऱ्या पियानोवर अंगावर काटा येतो. साध्या डिजिटलवर काहीही होत नाही, नुसती शांतता, महागड्या मॉडेलमध्ये नक्कल असते तेवढीच.

म्हणून तुझ्यासाठी बार्टोक. मिक्रोकॉसमॉसच्या सहाव्या पुस्तकाच्या शेवटी बल्गेरियन तालातले सहा नाच आहेत, १४८ ते १५३, त्यांचा जीव तालात आणि ॲक्सेंटमध्ये आहे, पेडलच्या धुक्यात नाही. घरी डिजिटलवर सुद्धा त्यांचा प्रामाणिक रियाज होतो. तरीही शेवटचे तीन आठवडे कुठेतरी ग्रँड मिळव, कोणाच्या हॉलवर, कोणाच्या शाळेत, हातापाया पडून मिळव, आठवड्यातून दोन तास मिळाले तरी चालतील, आणि ते दोन तास नोट्स घोकण्यात घालवू नकोस, फक्त पेडल आणि हळू आवाज.

आधुनिक पीस पाठच होत नाही. बीथोवेन आपोआप पाठ होतो, हा तीन महिने झाले तरी पान उलटलं की कोरा. काय उपाय? — विसराळू

आधी बघून घे पाठ करायची सक्ती आहे का. पुष्कळ ठिकाणी बाकी सगळं पाठ लागतं पण आधुनिक पीसला नोटेशन समोर ठेवून चालतं. चालत असेल तर ठेव, त्यात कमीपणा नाही, तीन महिने वाचवशील.

सक्ती असेल तर ऐक. बीथोवेन 'आपोआप' पाठ होतो कारण तुला पुढची कॉर्ड काय येणार ह्याचा अंदाज लहानपणापासून आहे. इथे तो अंदाज नाही, म्हणून तू बोटांच्या सवयीवर सोडून देतोस आणि सवय घाबरली की पळते. अंदाज तयार करावा लागतो, आणि तो पेन्सिल हातात घेऊन तयार होतो. वेबर्नचे ओपस २७ चे व्हेरिएशन्स घे उदाहरणाला, १९३६ चे. दुसरा भाग जेमतेम मिनिटभराचा पण नुसता बघितला तर सगळे स्वर इकडेतिकडे उधळलेत असं वाटतं, हात एकमेकांवरून उड्या मारतायत. आता मधल्या ए वर बोट ठेव आणि मोज. एका हातात त्या ए च्या वर जितकं अंतर, दुसऱ्या हातात खाली तितकंच. पुन्हा, पुन्हा, शेवटपर्यंत. अख्खा भाग त्या एका स्वराभोवती आरशासारखा आहे! हे एकदा दिसलं की अर्धेच स्वर पाठ करायचे, उरलेले आरशातून येतात.

प्रत्येक पीसमध्ये असं काहीतरी असतंच, ते शोध, कागदावर लिही, तुझ्या शब्दांत, 'इथून डावा हात मागच्या पानाचंच, पण दोन स्वर खाली' असं. डावा हात एकटा पाठ कर, ते कोणी करत नाही आणि नेमका तोच दगा देतो.

तालाचंही तसंच. प्रोकोफिएव्हच्या सातव्या सोनाटाचा शेवटचा भाग सात-आठमध्ये, म्हणजे एका बारमध्ये सात मात्रा, असा आहे, आपल्यापैकी ज्यांचे कान तबल्यासोबत वाढलेत त्यांना सात म्हटलं की रूपक आठवतो, तीन-दोन-दोन, आणि हा आहे दोन-तीन-दोन. त्यामुळे पहिला आठवडाभर हात सारखा भलत्याच जागी सम शोधतो. मी एका मुलीला तो भाग पियानोपासून लांब, टेबलावर टाळ्या देत, मोठ्याने मोजत, दहा दिवस करायला लावला, ती कंटाळली, रुसली, पण नंतर पियानोवर बसली ती परत चुकली नाही.

ऑडिशनला पियानोच्या आत हात घालून तारा छेडायचा पीस घेतला तर चालेल का? एकदम वेगळं वाटेल ना? — अतरंगी

वेगळं वाटण्यासाठी तारांना हात लावणं जुनं झालंय बाळा. हेन्री कॉवेलने 'बान्शी' लिहिला १९२५ मध्ये, अख्खा पीस पियानोच्या आत. क्रम्बच्या १९७२ च्या 'माक्रोकॉसमॉस' मध्ये तारा छेडणं आहे, शिट्टी वाजवणं आहे, पियानोला मायक्रोफोन आहे. संगीत म्हणून उत्तमच, पण ऑडिशनला पियानो दुसऱ्याचा असतो, दिवसभर त्यावर चाळीस मुलं बसणार असतात, घामट बोटं तारांना लागली की त्या गंजतात, म्हणून खूप ठिकाणी साफ मनाई असते. आधी लेखी परवानगी घे. तारांमध्ये स्क्रू आणि रबर खुपसायचं मनातही आणू नकोस, केजच्या तशा पियानोसाठीच्या सोनाटा कितीही आवडत असल्या तरी. कोपरापासूनचा हात पट्ट्यांवर टाकायचा असेल तर ते मात्र चालतं, झेव्हस्कीचा १९७९ चा 'विन्सबरो कॉटन मिल ब्लूज' बघ, सुरुवातीला खालच्या पट्ट्यांवर कापडगिरणीची यंत्रं घरघरतात आणि मग त्या घरघरीतून ब्लूज वर येतो. अवघड आहे, पण अतरंगीपणाची हौस भागेल आणि झाकणही उघडावं लागणार नाही.

कापुस्तिन 'आधुनिक' मध्ये चालतो का, की पॅनलला जॅझ वाटून राग येईल? — ब्लू नोट

चालतो. बाज जॅझचा आहे खरा, पण त्याच्या ओपस ४० च्या आठ कॉन्सर्ट एट्यूड्स १९८४ च्या आहेत, स्वर न् स्वर लिहिलेला, त्यात मनाचं काही वाजवायचं नसतं. राग जॅझचा नाही येत, राग येतो तो कडक सरळसोट वाजवलेल्या कापुस्तिनचा. ज्याने आयुष्यात स्विंग, म्हणजे जॅझचा झुलता ताल, ऐकलेला नाही त्याने वाजवला की लगेच कळतं. तू टोपणनाव बघता ऐकलेला दिसतोस, घे. फक्त नियमात 'एट्यूड' वेगळी आणि 'आधुनिक' वेगळी मागितली असेल तर एकच पीस दोन्हीकडे लावू नकोस.

फारशा माहीत नसलेल्या, हयात संगीतकाराचा पीस घ्यायचाय. धोका आहे का? — नवं काहीतरी

धोका असा काही नाही, उलट पॅनल जरा ताठ बसतं. फक्त पीस चांगला हवा, नुसता अनोळखी असून भागत नाही. तीच ती वरची कसोटी लाव, दोन स्वर बदलून घे आणि ऐक, कारण इथे तुझी चूक पॅनलला कळणार नाही, म्हणजे ती पकडायची जबाबदारी एकट्या तुझ्यावर. काही काही पीस असेही असतात की चार स्वर बदलले तरी कोणाचंच काही बिघडत नाही. ते नको. गुबायदुलिनाची १९६२ ची शाकोन ऐक, ताकेमित्सूचं १९८२ चं 'रेन ट्री स्केच' ऐक, हे दोघं आता आपल्यात नाहीत पण कान ह्यांच्यावर तयार करून मग नव्याकडे जा, म्हणजे बरं कुठलं, भरताड कुठलं ते कळायला लागेल.

आणि नोटेशनची विकत घेतलेली प्रत बरोबर ने, पॅनलसाठी वेगळी प्रत लागते का ते आधी विचार, लागत असेल तर प्रकाशकाला मेल करून परवानगी घे, ते देतात बहुतेक वेळा. पानांवर नंबर घाल. तुझे स्वतःचे पेन्सिलीचे शेरे, 'इथे घाई करू नको गाढवा' वगैरे, पॅनलच्या प्रतीवरून खोडून टाक, मागे एका मुलाने नाही खोडले आणि तिघं परीक्षक त्याच बारला एकदम हसले.